लाल लघवी, डीएनएच्या गाठी आणि भुकटीचा डबा

गेल्या आठवड्यात परभणीला आत्याकडे गेलो, तेव्हा तिने चष्मा पुसून मोबाईल माझ्यापुढे धरला आणि ‘‘पुढची केमो घेऊ का नको, हे वाचून सांग बरं,’’ असे म्हणाली. स्तनाच्या कर्करोगावरचे तिचे उपचार छत्रपती संभाजीनगरला चालू असून दोन फेऱ्या झाल्या आहेत. आमच्या भावकीच्या गटात तीनदा फिरून गेलेल्या त्या संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: प्रत्येक पेशीत दोन मीटर डीएनए कोंबलेला असतो, हिस्टोन नावाचे प्रथिन कमी पडले की त्याला गाठी पडतात व त्या गाठी म्हणजेच कर्करोग, केमोचे लाल औषध डीएनए वितळवते, म्हणूनच लघवी लाल होते, तेव्हा केमो थांबवून हिस्टोनयुक्त भुकटी ४५ दिवस घ्यावी.

आधी लघवीचे पाहू, कारण आत्या घाबरली ती त्यामुळे. त्या औषधाचे नाव डॉक्सोरुबिसिन. ते मातीत राहणाऱ्या स्ट्रेप्टोमायसेस जातीच्या जिवाणूपासून मिळाले आणि त्याचा मूळ रंगच लाल आहे. सलाईनच्या नळीतून उतरताना जो रंग दिसतो, तोच पुढे एक-दोन दिवस लघवीत दिसतो. डीएनएला असा लाल रंग नसतोच, त्यामुळे तो वितळून बाहेर पडला असता तरी लघवी लाल झाली नसती. एवढी साधी गोष्ट न तपासता हा मजकूर पुढे ढकलणाऱ्यांत आमच्याच घरातले दोन पदवीधर आहेत, याचा मला अधिक संताप आला.

दोन मीटरचा आकडा मात्र खरा आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. (‘प्रत्येक पेशीत’ हे चूक, पक्व झालेल्या तांबड्या रक्तपेशीत डीएनए ठेवणारे केंद्रकच नसते.) खटकतो तो ‘कोंबलेला’ हा शब्द, कारण डीएनए हिस्टोनभोवती नीट गुंडाळलेला असतो. झुरिचमध्ये कॅरोलिन लुगर, टिमोथी रिचमंड या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात ही गुंडाळणी जवळजवळ अणूंच्या पातळीवर दाखवली. चार प्रकारचे हिस्टोन, प्रत्येकी दोन, असा आठांचा गठ्ठा असतो आणि त्याभोवती डीएनएच्या सुमारे १४७ जोड्या (त्याच्या दोन धाग्यांना जोडणाऱ्या पायऱ्या) पावणेदोन वेढ्यांच्या जरा आत बसतात. डीएनएवर ऋण भार आणि हिस्टोनवर धन भार असल्यामुळे ही पकड टिकते. पैठणच्या विणकराच्या घरी भरलेली कांडी ज्याने पाहिली आहे, त्याला हे वेगळे समजावावे लागणार नाही: सूत गच्च बसलेले असते, तरी ओढले की विनातक्रार सुटते. एका पेशीत अशा सुमारे तीन कोटी कांड्या असतात, कोहेसिन नावाचे प्रथिन त्या माळेचे मोठे फासे पाडते आणि जे जनुक वाचायचे असेल तिथली गुंडाळणी तेवढ्यापुरती सैल होते.

या प्रथिनांत बिघाड झाला तर आजार होतात, हेही खरे; लहान मुलांच्या मेंदूतील कर्करोगाच्या काही गाठींत हिस्टोनच्या जनुकातच बदल सापडतो. पण तो घडणीतला दोष आहे, ‘हिस्टोन कमी पडणे’ नव्हे. डीएनएची नक्कल होताना लागणारे हिस्टोन पेशी स्वतः तयार करते. खाल्लेले हिस्टोन पोटात इतर प्रथिनांप्रमाणे पचून त्यांचे तुकडे होतात. आणि ते खायचेच असतील तर तुरीच्या वरणातही असतात. वासराच्या आणि वाटाण्याच्या एच-४ या प्रकारच्या हिस्टोनमध्ये १०२ अमिनो आम्लांपैकी केवळ दोन जागी फरक आहे, मग या डब्याचे वेगळेपण कशात?

आता सर्वांत घातक मुद्दा. नक्कल होताना आणि पेशी दुभंगताना डीएनएत खरोखर गुंते पडतात, आणि ते सोडवायला टोपोआयसोमरेज-२ हे प्रथिन असते: ते डीएनएचे दोन्ही धागे कापते, त्या फटीतून दुसरा भाग पलीकडे नेते आणि काप पुन्हा जोडते. डॉक्सोरुबिसिन मुख्यतः या जोडण्याच्या पायरीलाच अडवते, त्यामुळे तुटलेला डीएनए तसाच राहतो आणि पेशी मरते. म्हणजे औषध डीएनए ‘वितळवते’ ही संदेशातील ओळ अर्धीच बरोबर आहे: ते तो वितळवत नाही, मोडते. औषध नेमके त्याचसाठी देतात. सतत दुभंगणाऱ्या पेशींना त्याचा फटका जास्त बसतो, म्हणून कर्करोगाच्या पेशींबरोबर केसांच्या मुळांना आणि तोंडातल्या अस्तरालाही तो बसतो. हृदयालाही त्याचा धोका असतो, आणि म्हणूनच डॉक्टर एकूण मात्रेचा हिशेब ठेवतात व हृदयाची तपासणी करून घेतात. संदेश लिहिणाऱ्याने यातला निम्मा भाग उचलला आणि उरलेल्या जागी डबा ठेवला.

आत्याच्या फेऱ्या २१ दिवसांच्या अंतराने आहेत. ४५ दिवस भुकटी म्हणजे दोन फेऱ्या बुडाल्या. सोमवारी तिची तारीख आहे आणि मी सोबत जाणार आहे. चुलतभावाने तिच्यासाठी आधीच मागवलेल्या डब्याचे पैसे परत मिळत नाहीत, असे विक्रेत्याने कळवले आहे.