शंकेची पाल

माझे केस गळतात ही बातमी परवा संध्याकाळपर्यंत मी, बायको आणि आमच्या न्हाणीघराची जाळी, एवढ्यांपुरतीच होती. आज लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "माक्याचं तेल लावा भावजी. पण रात्रीचं हं." हे सगळं एका नव्या ब्राउझरमुळे.

भाच्याने तो टाकून दिला. "मामा, तू अजून तेच वापरतोस?" हे त्याने ज्या सुरात विचारलं, त्या सुरात आमच्या पिढीत फक्त 'अजून चुलीवर करता?' असं विचारत. नवा ब्राउझर नुकताच आलेला, आत एआय बसवलेला. तो म्हणे पान स्वतः वाचतो, फॉर्म स्वतः भरतो. 'जुन्यातलं सगळं इकडे आणू का?' या प्रश्नावर भाच्याने परस्पर 'हो' दाबलं आणि तो क्लासला पळाला.

उघडल्याबरोबर ब्राउझरने मला विचारलं, 'मला डिफॉल्ट करता का?' मी 'नको' म्हणायला गेलो तर 'नको'चं बटणच नव्हतं. 'आत्ता नको' होतं. पाहुण्याने चप्पल काढायच्या आधी सातबाऱ्यावर नाव लावा म्हणावं, तसा प्रकार.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे काका आले. टेलिफोन खात्यातून निवृत्त, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत गेल्या वर्षीची पावती. "जरा यंदाची काढून दे रे, पाच मिनिटांचं काम." मी ऐटीत नवा टॅब उघडला. मधोमध सहा चौकोन आले, वर मथळा: 'तुम्ही नेहमी भेट देता.'

काकांनी चष्मा चढवला. सोसायटीच्या सभेत मागचं इतिवृत्त ते ज्या आवाजात वाचतात, त्याच आवाजात सुरुवात झाली.

"केसगळती थांबवण्याचे... सात... घरगुती उपाय. कोणाची रे?"

"काका, ते असंच आपलं. पावतीचा नंबर सांगता?"

"टक्कल आनुवंशिक असते का? हं. तुझ्या वडिलांचं कसं होतं? टोपी घालायचे ना ते, कधी कळलंच नाही."

"काका, नंबर."

"विग... किंमत..." इथे ते थांबले. चष्मा काढून त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं, म्हणजे चेहऱ्याच्याही वर. मग फार प्रेमाने म्हणाले, "इतकं काही झालेलं नाही रे. मागूनच दिसतं फक्त."

मी तीन दिवस दोन आरसे घेऊन फिरतोय.

जुना ब्राउझर हे सगळं वर्षानुवर्षं पोटात घेऊन होता, पण चारचौघांत कधी चकार शब्द काढला नाही त्याने. याला येऊन दहा मिनिटं झाली नव्हती. बरं, झाकायला गेलो तर चौकोनाच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबेपर्यंत तो चौकोनच उघडला आणि टकलाचा पूर्ण स्क्रीनभर फोटो आला. काका म्हणाले, "हे मात्र जास्त आहे."

असो. पावती. ते कार्यालय कोणतं ते सांगत नाही, माझंही एक काम तिथे अडकलंय. त्यांच्या पानावर तळाला अजून लिहिलंय की हे संकेतस्थळ इंटरनेट एक्सप्लोरर 8 मध्ये उत्तम दिसेल. इंटरनेट एक्सप्लोरर हा मायक्रोसॉफ्टचा जुना ब्राउझर 15 जून 2022 ला निवृत्त झाला. पण पिंडाला कावळा शिवेना, म्हणून मायक्रोसॉफ्टने एज या आपल्या नव्या ब्राउझरमध्ये त्याच्यासाठी वेगळी खोली काढून दिलीय, निदान 2029 पर्यंत. कोणाची इच्छा अडकली होती ते अशी कार्यालयं बघितली की कळतं. नंबर भरला, बटण दाबलं, पांढरं पान. त्यावर एक लाल ओळ.

"तुझ्या त्या हुशार माणसाला विचार की," काका म्हणाले. बाजूची पट्टी उघडली. मी काही लिहिण्याआधी काका स्क्रीनकडे वाकून बोलू लागले, "अहो, नमस्कार. जरा पावती हवी होती. खात्यात ओळख आहे का कोणाची?"

मी ते टाइप केलं, ओळखीचं सोडून. गोल गोल फिरून उत्तर आलं: 'या पानावर एक त्रुटी संदेश आहे. आपण नंतर पुन्हा प्रयत्न करू शकता.'

काका खुर्चीत मागे टेकले. "आमच्या ऑफिसात एक हेडक्लार्क होता. अर्ज नेला की पूर्ण वाचायचा आणि म्हणायचा, 'हा अर्ज आहे.' सदतीस वर्षं नोकरी झाली त्याची. बढती वेळच्या वेळी." मग त्यांनी 15 ऑगस्ट 1995 ला विदेश संचार निगमने इंटरनेट सुरू केलं तिथपासून कहाणी लावली, तेव्हा मोडेम कसा ओरडायचा ते तोंडाने करून दाखवलं. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. मोडेम दोनदा झाला. चहाही दोनदा झाला.

रात्री चिडून मी या नव्या प्राण्याची कुंडली काढली. आत क्रोमियमच, म्हणजे गूगलचा क्रोम ज्यावर उभा आहे तोच पाया. एज, ब्रेव्ह, ऑपेरा, सगळं त्याच गिरणीतलं दळण, डबे तेवढे वेगळे. आणि प्रत्येक संकेतस्थळाच्या दारात हा स्वतःची ओळख काय सांगतो? 'मोझिला 5.0, ॲपलवेबकिट, केएचटीएमएल, लाइक गेको, क्रोम, सफारी.' लग्नात फुकट जेवायला आलेला माणूस दोन्हीकडच्या नातेवाइकांची नावं घेतो, तसं. मूळ मोझिला हे नेटस्केप या जुन्या ब्राउझरचं आतलं नाव. काही साइट चांगलं पान फक्त त्यालाच वाढायच्या, म्हणून एक्सप्लोररही मोझिला म्हणवून घ्यायला लागला, आणि मग सगळेच. गेको हे फायरफॉक्सचं इंजिन. गेको म्हणजे पाल. म्हणजे नुकताच जन्मलेला, एआयवाला, भविष्यातला हा ब्राउझर दारोदार जाऊन सांगतो की मी पालीसारखा आहे! माझ्या मनात जी चुकचुकत होती ती हीच असणार.

राग थट्टेपुरता नाही. दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी येऊन मला वेग विकतो. पंधरा वर्षांत ब्राउझर किती वेगवान झाले असतील देव जाणे, ते लाल ओळीचं पान मात्र पूर्वी चाळीस सेकंदांनी यायचं, आता क्षणात येतं. एवढीच प्रगती माझ्या वाट्याला. आणि तो क्षण वाचवायचा तर माझे पासवर्ड, माझी वाचनं, माझं टक्कल, सगळं याच्या ओटीत घालायचं.

दुसऱ्या दिवशी काकांना घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. त्याच्या काळपट मॉनिटरवर एक्सप्लोररचा तो निळा 'ई' अजून जागच्या जागी. दोन मिनिटांत पावती, वीस रुपये. पैसे काढताना मी काउंटरवर वाकलो, तर काका त्याला म्हणाले, "बघ रे, मागून दिसतं की नाही?"

त्याने बघितलं. दिसतं म्हणाला.

माक्याच्या तेलाची बाटली काल काकाच देऊन गेलेत. ते किती दिवस लावायचं असतं हे मला शोधायचंय. नवा ब्राउझर काढून टाकला, तरी जुना उघडायचाही धीर होईना. शेवटी रात्री बायकोच्या फोनवर बघितलं. तिथे वरच आलं, 'नवऱ्याचे केस गळतात, सांगावे कसे.' शोध दोन वर्षांपूर्वीचा.