अर्धं एव्हगॅस, अर्धं पंपाचं पेट्रोल: निपाणीच्या वाचकाला उत्तर

दादा, नमस्कार.

इथेनॉलवालं पेट्रोल एव्हगॅसमध्ये (छोट्या विमानांच्या शिसंवाल्या पेट्रोलमध्ये) मिसळू नका, असं मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: रोटॅक्स 912 या हलक्या विमानांच्या इंजिनाला मोटारीचं पेट्रोल चालतं आणि दहा टक्के इथेनॉलपर्यंत कंपनीचीच मान्यता आहे. पंपावर वीस टक्क्यांचं मिळतं, म्हणून तुम्ही निम्मं एव्हगॅस घालता. इथेनॉल दहावर येतं, शिसं निम्मं होतं, खर्चही वाचतो. मग मी लोकांना घाबरवतो कशाला? आणि उसाच्या पट्ट्यात राहून इथेनॉलला नावं ठेवणं मला शोभतं का?

शेवटचं वाक्य लागलं, म्हणून आधी त्याचंच सांगतो. खानापूर तालुक्यात आमचाही ऊस आहे. कारखान्याचं बिल कधी निघतंय याची वाट आमच्याही घरी बघतात. माझी मोटारसायकल त्याच वीस टक्केवाल्या पेट्रोलवर रोज बेळगावला जाते. पण रस्त्यावर इंजिन अडखळलं तर गाडी कडेला लावता येते. हिडकल धरणाच्या पाण्यावर पाचशे फुटांवर अडखळलं तर काय करणार? माझं सगळं बोलणं त्या पाचशे फुटांचं आहे.

शिशाचं तुमचं बरोबर आहे. 100 एलएलच्या, म्हणजे आपल्या नेहमीच्या एव्हगॅसच्या, एका लिटरात 0.56 ग्रॅमपर्यंत शिसं असू शकतं. ते प्लगवर बसतं, तेलात उतरतं, गिअरबॉक्सपर्यंत जातं. म्हणून तर तीस टक्क्यांहून जास्त वेळ एव्हगॅसवर उडवलं तर रोटॅक्स शंभरऐवजी पन्नास तासांनी तेल बदलायला सांगतं. ऑक्टेनचीही काळजी नाही, एव्हगॅस घातल्यावर तो वाढतोच. बिनइथेनॉलचं चांगलं पेट्रोल आणि एव्हगॅस यांच्या मिश्रणाला माझा विरोध नव्हता, आजही नाही.

पण वीसचं निम्मं दहा, हा हिशेब फक्त इथेनॉलच्या प्रमाणाला लागू पडतो. बाष्पदाबाला, म्हणजे इंधन किती चटकन वाफ होतं त्या मापाला, तो लागू पडत नाही. एव्हगॅसचा बाष्पदाब 38 ते 49 किलोपास्कलच्या आतच ठेवलेला असतो, आणि तो 37.8 अंशांवर मोजतात. म्हणजे अथणीकडची एप्रिलमधली दुपारच. इंजिन बंद करून विमान पंधरा मिनिटं उन्हात उभं राहिलं की काउलिंगखाली (इंजिनावरच्या झाकणाखाली) त्याहून कितीतरी जास्त तापतं. नुसत्या इथेनॉलचा बाष्पदाब पेट्रोलपेक्षा कमी असतो, कारण त्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. तेच थोडं इथेनॉल भरपूर पेट्रोलमध्ये पडलं की रेणू सुटे होतात आणि चटकन वाफ होऊन निघतात. ही वाढ साधारण पाच ते दहा टक्क्यांच्या आसपास सगळ्यात जास्त असते. तुम्ही निम्मं मिसळून नेमके तिथेच येता. मिश्रणाचा बाष्पदाब दोन्हींच्या मध्यावर येत नाही, मध्याच्या वर राहतो. मग तापलेल्या नळीतच वाफ होते आणि इंजिनाला इंधन पोचत नाही.

हे मी पुस्तकातून वाचून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका छोट्या धावपट्टीवर दुपारी अडीच वाजता एक मायक्रोलाइट (अगदी हलकं छोटं विमान) उतरलं. चहा झाला, वीस मिनिटांनी परत निघालं. चाकं सुटायच्या आत इंजिनानं उचक्या दिल्या. वैमानिकानं थ्रॉटल ओढला, पुढे धावपट्टी उरली होती म्हणून निभावलं. टाकीत असंच मिश्रण होतं. कार्ब्युरेटर उघडला तर स्वच्छ. नळीत वाफ अडकली होती, आणि इंजिन थंड झाल्यावर पुराव्याला काहीच उरलं नाही. तुम्ही चाळीस तास बिनघोर उडालात म्हणता. त्यातले किती तास एप्रिलच्या दुपारचे होते, तेवढं वहीत बघा.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ती जास्त जपायला हवी. इथेनॉल पाणी पोटात घेतं. कॅनचं झाकण सैल राहिलं, आत थोडं पाणी गेलं, तरी वीस टक्केवालं पेट्रोल स्वच्छ दिसतं. त्यात एव्हगॅस ओतलं की इथेनॉलचं प्रमाण उतरतं आणि पाणी धरून ठेवायची ताकदही उतरते. 15 अंशांवर दहा टक्केवालं मिश्रण जेमतेम अर्धा टक्का पाणी धरतं. त्यावरचं पाणी इथेनॉलला सोबत घेऊन तळाशी बसतं, आणि टाकीची नळी तळातूनच निघते. म्हणजे दोन्ही कॅन वेगवेगळे तपासले तेव्हा निर्दोष होते, दोष मिसळल्यावर तयार झाला. उड्डाणाआधी टाकीच्या तळाच्या ड्रेनमधून नमुना काढला तर साध्या एव्हगॅसमध्ये पाण्याचा थेंब मोत्यासारखा तळाशी दिसतो. इथे वेगळं होण्याआधी काहीच दिसत नाही. एव्हगॅसचा निळा रंगही फिका पडलेला, त्यामुळे टाकीत नक्की काय आहे ते डोळ्यांना कळत नाही.

अमेरिकेत ईएए या हौशी वैमानिकांच्या संघटनेनं 1982 साली सेसना 150 या छोट्या विमानासाठी मोटारीच्या पेट्रोलची परवानगी मिळवली, पण अशा परवानग्यांत इथेनॉल चालत नाही. बेळगावच्या सांबरा विमानतळावरच्या शिकाऊ विमानांकडे बघून कुणी मिश्रणाचा विचार करत असेल तर त्यानं आधी त्या विमानाची आणि इंजिनाची मान्यता वाचावी.

एव्हगॅस महाग पडतं हे मलाही कळतं. 2022 पासून इंडियन ऑइल ते वडोदऱ्याला बनवू लागलंय, पूर्वी सगळं बाहेरून यायचं. तरी निपाणीपर्यंत एक पिंप आणायचं म्हणजे काय खटाटोप असतो, ते मी पाहिलंय. तरीसुद्धा माझं मत तेच: इथेनॉलवालं पेट्रोल मिसळण्यापेक्षा पूर्ण एव्हगॅसवर उडा आणि पन्नास तासांनी तेल बदला. तेल स्वस्त पडतं.

एक काम आजच करा. काचेच्या मोजपात्रात दहा मिली पाणी घ्या, शंभरच्या खुणेपर्यंत तुमचं मिश्रण घाला, हलवून दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं, म्हणून पाण्याची रेघ चढते; ती दहाच्या वर किती चढली ते मला कळवा. आणि इंधनाच्या रबरी नळ्या कधी बदलल्या होत्या, तेही लिहा. रोटॅक्स त्या पाच वर्षांनी बदलायला सांगतं. मोजपात्र नसेल तर रविवारी इकडे या, माझ्याकडे आहे. येताना दोन्ही कॅनमधलं थोडं थोडं वेगळ्या बाटल्यांत आणा.