कप जिंकून १६ दिवस

टॉटनहॅम हॉटस्परने, म्हणजे आपल्या स्पर्सने, मॅनेजर अँज पोस्टेकोग्लूला काढल्याची बातमी मी धड वाचून संपवली नव्हती, तोवर आपल्या फॅन ग्रुपवर पोल येऊन पडलासुद्धा. पुढचा मॅनेजर कोण? थॉमस फ्रँक, इराओला, मार्को सिल्वा, ग्लासनर, आणि दर वेळी असतो तसा आपला जुना मॅनेजर पोचेटिनो. बघता बघता सगळ्यांची मतं टाकून झाली. ‘वाईट झालं यार’ एवढंसुद्धा कोणाला लिहावंसं वाटलं नाही. ग्रुपवर बोलले असते तर कोणाला तरी तोडून बोलले असते, म्हणून इथे लिहितेय.

२१ मे २०२५ला स्पेनमधल्या बिल्बाओत मँचेस्टर युनायटेडला हरवून युरोपा लीग जिंकलो, म्हणजे युरोपातल्या क्लबांची दुसऱ्या क्रमांकाची स्पर्धा. ६ जूनला त्याला नारळ दिला. १७ वर्षांनी ट्रॉफी आली होती, युरोपातली तर ४१ वर्षांनी, आणि ती आणणारा माणूस पंधरवड्याच्या वर कसाबसा एक दिवस टिकला. त्यातही दिवस कुठला निवडला, तर दोन वर्षांपूर्वी ज्या तारखेला त्याला नेमलं तीच तारीख.

त्या रात्री दादा आमच्याकडे होता. माझा मावसभाऊ. याच्याच नादाने मी स्पर्सची झाले. मॅच आपल्याकडच्या साडेबाराला, आईबाबा आत झोपलेले, म्हणून टीव्हीचा आवाज पूर्ण बंद. ४२व्या मिनिटाला आपल्या सारचा क्रॉस आला, आपल्याच जॉन्सनच्या पायाला लागला की युनायटेडच्या ल्यूक शॉच्या अंगाला लागला काही कळेना, बॉल कसाबसा घरंगळत आत गेला. ओरडायची सोय नव्हती. दादाने सोफ्यावरची उशी तोंडावर दाबून धरली. मग दुसऱ्या हाफमध्ये आपला गोलकीपर विकारियोच्या हातून बॉल निसटला, त्यांच्या हॉयलुंडने रिकाम्या गोलकडे हेडर मारला, आणि आपल्या व्हॅन दे व्हेनने हवेत उलटं होत गोललाइनवरून तो बॉल बाहेर काढला. दादाने माझं मनगट इतकं आवळलं होतं की बांगडी रुतून वळ उठला. शिट्टी वाजली तेव्हा हा पन्नाशीला आलेला माणूस फरशीवर बसून रडत होता. म्हणाला, ‘आता या माणसाला मी कधीच काही बोलणार नाही.’

पोलमध्ये पहिलं मत त्याचंच होतं. फ्रँकला.

हो, प्रीमियर लीगच्या वीस टीममध्ये १७वा नंबर. हो, लीगमध्ये २२ पराभव, आणि शेवटच्या दिवशी ब्रायटनने आपल्याच घरी येऊन चार मारले. माहीत आहे मला, प्रत्येक मॅच बघितली आहे. लीगचं तेवढं मान्य. पण क्लबचं पत्रक वाचलंत का नीट? शेवटच्या ६६ लीग मॅचमध्ये ७८ पॉइंट, असं लिहिलंय. ६६ का? दोन सीझनच्या मॅच होतात ७६. मग वरच्या दहा गेल्या कुठे?

त्या दहा मॅच म्हणजे अँजच्या पहिल्या दहा. आठ जिंकल्या, दोन बरोबरीत, २६ पॉइंट. प्रीमियर लीगमध्ये नव्या मॅनेजरची इतकी चांगली सुरुवात तोवर कोणाचीच झाली नव्हती. आणि ती कधी? सीझनच्या तोंडावर हॅरी केनला बायर्न म्युनिकला विकल्यावर. ज्याच्या नावावर क्लबचे सगळ्यात जास्त गोल, तो गेला आणि या माणसाने एका शब्दाने कुरकुर केली नाही. ते दहा सामने हिशेबातून वगळून तुम्ही त्याचं प्रगतिपुस्तक काढता? या पत्रकाचा मला जितका राग आला तितका काढल्याचाही आला नाही.

आणि मागचा हिवाळा विसरलात? दुखापतींमुळे डिफेन्समधला रोमेरो नाही, व्हॅन दे व्हेन नाही, उडोगी नाही, गोलकीपर विकारियो घोट्याचं ऑपरेशन होऊन बसलेला. १८ वर्षांचा आर्ची ग्रे, मूळचा मिडफिल्डर, तो सेंटर बॅक म्हणून मॅचमागून मॅच खेळत होता. नवा डिफेंडर डान्सो यायला फेब्रुवारी उजाडला. तेव्हा मॅनेजरने काय मैदानात उतरून हेडर मारायचे होते? त्याच्या ट्रेनिंगमुळेच स्नायू जातात असं म्हणणारे आहेत, त्यात थोडंफार तथ्य असेलही. पण खेळाडूच नसतील तर कोणीही तोच खेळ केला असता.

माझं दुखणं एकट्या अँजचं नाहीच. आपण हे दर वेळी करतो. पोचेटिनोने माद्रिदला चॅम्पियन्स लीगच्या फायनलपर्यंत नेलं ते २०१९चा जून. नोव्हेंबरात बाहेर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोरिन्यो हजर. मोरिन्योला काढलं ते लीग कपच्या फायनलला सहा दिवस उरले असताना. २९ वर्षांच्या रायन मेसनला हंगामी मॅनेजर म्हणून मँचेस्टर सिटीसमोर उभं केलं. मग तो उन्हाळाभर चाललेला शोध, कॉन्ते नाही, फोन्सेका नाही, गट्टूसोच्या नावावर तर आपल्याच लोकांनी गदारोळ केला, शेवटी नुनो आला आणि १ नोव्हेंबरला गेलासुद्धा. मग परत कॉन्ते! तोही साउथहॅम्प्टनच्या मॅचनंतर सगळ्यांना शिव्या घालून गेला. या प्रत्येक वेळी आपण असेच पोल घेतले आणि असेच भांडलो. खुर्चीवर कोण बसणार यावर रात्र रात्र वाद, पण ती खुर्ची दीड-दोन वर्षांत मोडते का, हे कोणी विचारत नाही. डॅनियल लेव्ही २००१ ते २०२५ क्लबचे चेअरमन होते. त्यांच्यासाठी पोल कधी निघाला?

पार १९८४ला आपले तेव्हाचे मॅनेजर बर्किनशॉ यांनीही यूएफा कप (आजची युरोपा लीग) जिंकून लगेच क्लब सोडला होता, वरच्या मंडळींशी पटलं नाही म्हणून. म्हणजे युरोपातले आपले शेवटचे दोन कप, आणि दोन्ही आणणारे त्याच उन्हाळ्यात बाहेर.

मघाशी दादाचा फोन आला. ग्रुपवर गप्प का आहेस विचारायला. मी म्हटलं, तू त्या रात्री काय बोलला होतास आठवतंय ना? थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, ‘अगं, मी त्याला शिव्या कुठे देतोय? जन्मभर त्याचं नाव काढीन. पण पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीग आहे. तिथे ती हाय लाइन, म्हणजे मध्यरेषेपर्यंत पुढे लावलेला डिफेन्स, घेऊन जायचं का?’

आता दादा म्हटल्यावर मी आवाज चढवत नाही. पण तू ज्या मॅचला रडलास, दादा, त्या मॅचमध्ये हाय लाइन होती का? बॉल तीस टक्केसुद्धा आपल्याकडे नव्हता. सगळी टीम खाली उतरून डिफेन्स करत होती, कॅप्टन सोन सुरुवातीच्या अकरात नव्हता. ज्याला हट्टी म्हणून हिणवलं, त्याने कपसाठी स्वतःचा खेळ गुंडाळून ठेवला. चेल्सीसमोर नऊ जणांनिशी मध्यरेषेवर डिफेन्स लावणारा माणूस आणि बिल्बाओतला माणूस एकच आहे. माणूस शिकत होता. मिरवणुकीत माईक हातात घेऊन तो सांगत होता की चांगल्या मालिकांचा तिसरा सीझन दुसऱ्यापेक्षा सरस असतो, आणि खाली लोक वेडे झाले होते. तो तिसरा सीझन त्याला मिळायला हवा होता.

तरी दादाचा आवाज ऐकल्यावर माझा अर्धा राग गेला, हे खरं. त्यालाही वाईट वाटलंय. आपल्याकडचे बरेच जण वाईट वाटलं की पटकन पुढचं काहीतरी बोलायला लागतात.

तर मग बोलूया पुढचं. पोचेटिनोचं नाव सोडा आता. तो अमेरिकेचा कोच आहे, २०२६ला त्यांच्याकडे वर्ल्ड कप आहे, तो कशाला येईल? इराओलाची बोर्नमथ बघायला मला मनापासून आवडते, पण ती टीम किती पळते बघा. आपल्या पोरांचे हॅमस्ट्रिंग डिसेंबरपर्यंत तरी टिकतील का? ग्लासनरने नुकताच क्रिस्टल पॅलेसला सिटीला हरवून एफए कप मिळवून दिलाय. चांगला आहे, पण त्याने तीच टीम पुढे न्यावी असं मला वाटतं. सिल्वाबद्दल माझं काही म्हणणं नाही.

फ्रँक मलाही चालेल. ब्रेंटफर्डला ७४ वर्षांनी वरच्या लीगमध्ये आणलं आणि तिथे टिकवलं. दर उन्हाळ्यात त्याचा चांगला खेळाडू विकला जायचा आणि तो नवा घडवायचा. पण मंडळी, २०१८ला त्याने ब्रेंटफर्डची सूत्रं घेतली तेव्हा पहिल्या दहा मॅचपैकी आठ हरला होता. आठ! तिथल्या मालकांनी त्याला हात लावला नाही, म्हणून आज तुम्हाला त्याचं नाव पोलमध्ये टाकता येतंय. आपल्याकडे असता तर नाताळ बघायला मिळाला नसता. आपला माणूस दहापैकी आठ जिंकला तरी त्या मॅच हिशेबातून गायब होतात.

त्यामुळे फ्रँक येवो की आणखी कोणी, मला एवढंच ठरवून हवंय. नव्या माणसाची पहिली खरी मॅच १३ ऑगस्ट २०२५ला आहे, इटलीतल्या उदिनेत, सुपर कपची, म्हणजे चॅम्पियन्स लीग आणि युरोपा लीग जिंकणाऱ्यांमधली. समोर पॅरिसचा पीएसजी, ज्यांनी आत्ताच चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये इंटर मिलानला पाच मारले. आणि ती मॅच मिळतेय अँजच्या कपमुळे. नवा माणूस ती तीन-चार गोलांनी हरला, पुढे नोव्हेंबरात लागोपाठ तीन हरला, तरी सीझन संपेपर्यंत त्याला काढा असं न लिहिणारे कोण कोण आहात, खाली नावं लिहा. पहिलं माझं. दादा, दुसरं तुझं हवंय.