'इको-फ्रेंडलीच्या नावाखाली भंगार विकलं' या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू वाचला, फोटोही मोठे करून पाहिले. जुन्या सागवानाचा दरवाजा पावसात फुगून अडकतो, खिळ्यांच्या भोकांभोवती काळे डाग आहेत आणि चौकटीत बारीक छिद्रं दिसतात, अशा तुमच्या तीन तक्रारी. 'भंगार' मात्र मान्य नाही.

लाकूड कितीही जुनं असो, हवेतली ओल ते पितंच. समुद्राकाठी पावसाळ्यात आर्द्रता ८०-८५ टक्क्यांवर राहिली की लाकडातली ओलही साधारण १६-१७ टक्क्यांपर्यंत चढते आणि फळी रुंदीत फुगते. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. कुजण्याची भीती २० टक्क्यांच्या पुढे. तिथवर हा दरवाजा गेलेला दिसत नाही. पण तुमच्या दुसऱ्या फोटोत खालची कड पहा. फरशी बसल्यावर कुणीतरी दरवाजा खालून तासलाय आणि कड तशीच कोरी सोडलीय. उभ्या पट्ट्यांची तोंडं (कापलेली टोकं) तिथे उघडी पडली आहेत, आणि लाकूड सगळ्यात जास्त पाणी तोंडातूनच ओढतं. वरून कितीही पॉलिश करा, उपयोग नाही.

काळे डाग म्हणजे कूज नव्हे. जुन्या लोखंडी खिळ्याचा गंज आणि लाकडातलं टॅनिन (एक तुरट द्रव्य) ओलीत एकत्र आलं की असा रंग चढतो. ऑक्झॅलिक ॲसिडने डाग बरेच फिके होतात. (काहींना ते तसेच आवडतात. तुम्हाला नाही आवडले, ठीक आहे.) आम्ही नवीन स्क्रू ३१६ स्टेनलेसचेच (खाऱ्या हवेत सहसा न गंजणारं स्टील) वापरतो, कारण खाऱ्या हवेत साधं लोखंड टिकत नाही.

छिद्रांबद्दल मात्र तुमची शंका रास्त आहे, ती हसण्यावारी नेणार नाही. कीड निघून गेल्यावर उरलेली छिद्रं निरुपद्रवी असतात. जिवंत कीड असेल तर त्यांतून पिठासारखा बारीक भुसा पडत राहतो. चौकट स्वच्छ पुसा, खाली काळा कागद पसरा आणि आठवडाभर पहा. भुसा पडला तर तो तुकडा आम्ही स्वखर्चाने बदलून देऊ.

आणि एक विनंती, आत्ता दरवाजाच्या बाजूला रंधा मारून घेऊ नका. पाऊस सरल्यावर लाकूड आकसेल आणि तिथे बोटभर फट राहील. कोरडी हवा सुरू झाली की आमचा सुतार येऊन खालची कड सील करून देईल, तेव्हाही अडकत असेल तरच तासू. मजुरी घेणार नाही.