सव्विसाव्या वर्षी रग्बी? माशेलच्या सोप्यावरचा वाद

चिखलकाला, म्हणजे चिखलात खेळायचा सण, होऊन चार दिवस झाले, तरी देवकीकृष्णाच्या मैदानावरचा चिखल वाळायचं नाव घेत नव्हता. आम्ही नेहमीप्रमाणे दुकानाच्या सोप्यावर. गौरेशने चहाचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, "मी रग्बी शिकतोय."

गौरेश सव्वीस वर्षांचा. कुंडईला शिफ्ट करतो. गेल्या सहा वर्षांत खेळला असेल तर मोबाइलवर.

"गोंयात राहून रग्बी?" प्रीतेशला हा फुटबॉलचा अपमान वाटला. "फुटबॉल खेळ की रे!"

"फुटबॉल पाचव्या वर्षापासून खेळणारी पोरं आहेत इथे. त्यांच्यात आता गेलो तर गटारातला बॉल काढायला ठेवतील. रग्बीत निदान शेजारचाही माझ्यासारखाच नवा असेल."

मला हे पटलं. प्रकाशभाईंना नाही. ते जुने कबड्डीवाले, उजवा गुडघा त्याची पावती. "खांदा निखळला तर ड्युटीवर कोण जाणार? तुझा बॉल?"

मी म्हटलं, पहिल्या दिवशी कुणी अंगावर घेत नाही. आधी टच रग्बी खेळायची. पाडायचं नाही, नुसता हात लावायचा. सहा वेळा हात लागला की बॉल समोरच्यांचा.

"म्हणजे श्वास घ्यायची मुभा असलेली कबड्डी," प्रकाशभाई म्हणाले.

दुकानात असोले नारळ रचलेले होते. आकार साधारण रग्बीच्या बॉलचाच, वजन मात्र भलतंच जास्त; खरा बॉल साडेचारशे ग्रॅमच्या आसपास असतो. गौरेशने एक उचलला, चार पावलं धावला आणि पुढे असलेल्या प्रीतेशकडे भिरकावला.

"चुकलं!" मी ओरडलो. "हाताने पुढे द्यायचा नाही. मागे किंवा सरळ आडवा. पुढे पाठवायचा तर लाथ मारून."

"गोल पुढे आणि पास मागे? कोणी शोधला हा खेळ?"

पण खरी गंमत तिथेच आहे. बॉलवाल्याच्या पुढे धावून गेलेला कितीही चपळ असो, त्याचा काडीचा उपयोग नाही. फुटबॉलवाल्यांचे पाय सवयीने पुढे पळतात, ती खोड मोडायलाच महिने जातात. कोऱ्या पाटीच्या गौरेशला तेवढं सोपं. प्रीतेश मागे उभा राहिला, दुसरा पास त्याच्या बोटांतून निसटून थेट गटारात गेला, आणि हसण्याच्या भरात तो काढायचं कुणाला सुचलं नाही.

मग विषय टॅकलवर, म्हणजे बॉलवाल्याला धरून पाडण्यावर आला आणि प्रकाशभाई उठलेच. दुखरा गुडघा सांभाळत ओल्या फरशीवर बसले. "ये. डोकं कुठे ठेवशील?"

गौरेशने डोकं त्यांच्या पोटासमोर आणलं.

"मेलास. आमच्यात मांडी धरताना डोकं आत राहिलं की गुडघा कानशिलात बसायचा. बाहेर घे, मागच्या बाजूला. गाल इथे चिकटव, आणि हातांनी आवळ."

रग्बीतही शब्दन् शब्द हेच शिकवतात, तेही आधी गुडघ्यांवर बसून. खांद्याच्या वर धरलं की पेनल्टी. डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी बाहेर, त्या दिवशी परत आत नाही.

प्रकाशभाई गप्प झाले. मग म्हणाले, "मला एकदा तोंडावर पाणी मारून परत आत सोडला होता. दुसरा हाफ अजून आठवत नाही."

प्रीतेशने विषय बदलला. "शाणूला न्या रे. स्क्रममध्ये उभा करा, हलणार नाही."

शाणू भजी खात होता. मी मात्र चिडलो. स्क्रममध्ये आठ विरुद्ध आठ वाकून, खांदे भिडवून रेटतात तेव्हा पहिल्या रांगेतल्या तिघांच्या मानेवर भार येतो. शिकलेली माणसं नसतील तर न रेटता स्क्रम घ्यायचा, असा नियमच आहे. कुणी जाडा दिसला म्हणून त्याला तिथे घुसवणं हा निव्वळ मूर्खपणा.

"पण हा आपला खेळ नव्हे," प्रीतेशचं शेवटचं अस्त्र.

आपला कसा नाही? इंग्लंड आणि स्कॉटलंड दरवर्षी ज्या कलकत्ता कपसाठी भिडतात, तो 1878 साली कलकत्त्याच्या क्लबने गाशा गुंडाळताना चांदीचे 270 रुपये वितळवून करवला. कानांना नाग, झाकणावर हत्ती. फुकटची दारू बंद झाली तसे सभासद गळाले, असं सांगतात.

"गोंयातच काढायला हवा होता क्लब," शाणूने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"ते राहू दे," प्रकाशभाई म्हणाले. "ते सात-सात जणांचं सेव्हन्स किती वेळ असतं?"

"सात-सात मिनिटांचे दोन हाफ."

"चौदा मिनिटं सलग पळून दाखव, मग बोलू. बाजारापर्यंत जा आणि ये."

गौरेशने चप्पल काढली. तेवढ्यात आतून दुकानदाराचा आवाज आला. "जायच्या आधी गटारातला नारळ काढा. आणि पैसे ठेवा त्याचे."