मुंबईला स्वतःचा मार्च हवा, आणि तो कोळी ठेक्यातच हवा

हेरिटेज म्हटलं की मुंबईकर मान वर करतो आणि घुमट, कमानी, गच्च्या बघायला लागतो. 2004 साली सीएसएमटीला युनेस्कोचा मान मिळाला, 2018 ला ओव्हल मैदानाच्या दोन्ही अंगांच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींना. छानच झालं. पण या शहराचा वारसा कानांनी घ्यायचा म्हटला तर काय वाजवून दाखवाल?

व्हिएन्नाच्या नावाचा मार्च आहे, म्हणजे बँडनं पावलांच्या ठेक्यावर वाजवायची रचना. लंडनसाठी इंग्लिश संगीतकार एरिक कोट्सनं 1933 साली नाइट्सब्रिज मार्च लिहिला. फ्लॉरेन्सच्या नावाचा मार्च तर ज्युलियस फुचिक या चेक बँडमास्टरनं 1907 मध्ये केला. म्हणजे बाहेरच्या माणसानं लिहिला तरी चालतं. मुंबईत तर चालायलाच हवं, इथे बाहेरचा नाही असा सापडणार कोण?

आपण मात्र शहराचा गौरव करायची वेळ आली की ढोल-ताशा पथक बोलावतो, नाहीतर डीजे लावून मोकळे होतो. ढोल-ताशाशी माझं वैर नाही. पाडव्याला गिरगावात उभा राहून मीही मान डोलावतो. पण तो बाज पुण्याचा. (पुणेकरांनो, ही स्तुती आहे. स्क्रीनशॉट काढून ठेवा.) मुंबईचा खरा आवाज पितळी बँडचा.

पलटणींचं आणि बंदराचं शहर, त्यामुळे बँड इथे पहिल्यापासून मुरलेला. कूपरेजला बँडस्टँड, वांद्र्याला बँडस्टँड. ही नावं तिथे बँड वाजायचे म्हणूनच पडली, हे आज 'मन्नत'समोर सेल्फी काढणाऱ्या किती जणांच्या डोक्यात येतं? पुढे गोव्याहून वादक आले. चर्चच्या पॅरिश शाळेत नोटेशन (सूर कागदावर लिहायची-वाचायची पद्धत) घोटलेले, धोबी तलावच्या कुडांत, म्हणजे गोव्याच्या गावागावांच्या सामायिक बिऱ्हाडांत, राहिलेले. अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट यांच्यासारख्यांनी हिंदी सिनेमाचा ऑर्केस्ट्रा घडवला, आणि तिथली गाणी लग्नाच्या बँडनं उचलून गल्लीबोळांत नेली. ईस्ट इंडियन घरातल्या लग्नात आजही उंबराचं पाणी आणायला विहिरीवर बँड लागतो. 2022 मध्ये मुंबई पोलिसांच्या खाकी स्टुडिओ या बँडनं 'श्रीवल्ली' वाजवलं तेव्हा सगळ्यांनी तो व्हिडिओ फोनवरून फॉरवर्ड केला. म्हणजे कान तयार आहेत, वाजवणारेही आहेत. नाही ती आपली स्वतःची चीज.

आता ठेक्याचं. मार्च म्हणजे फक्त 'लेफ्ट-राइट, लेफ्ट-राइट' असा गैरसमज आहे. सहा-आठच्या मापातले मार्चही भरपूर आहेत: पाऊल दोनच, पण प्रत्येक पावलात तीन मात्रा झुलतात. अमेरिकन बँडमास्टर सूझाचा 1889 चा 'वॉशिंग्टन पोस्ट' असाच, आणि लोक त्यावर चक्क नाचायला लागले. आपली बहुतेक कोळीगीतं याच झोक्यावर चालतात. नारळी पौर्णिमेला एखाद्या कोळीवाड्यात मिरवणुकीच्या कडेला उभे राहून बघा. पुढे ट्रम्पेट चाल सांगतो, क्लॅरोनेट तिला नक्षी काढतं, आणि मागे पोचे पडलेलं युफोनियम घेतलेला गडी गाल फुगवून दर पावलाला खालचा सूर टेकवत येतो. समोर कागदाचा चिटोरा नाही. मास्तरनं भुवई उडवली की अख्खा ताफा पुढच्या गाण्यावर उडी मारतो. मधे थांबणं नाही, श्वास घेताना कुणी दिसत नाही. अर्धा मार्च तर तिथेच तयार आहे!

उरलेला अर्धा अवघड. मार्चमध्ये 'ट्रिओ' नावाचा मधला भाग असतो, तिथे सूर सहसा बदलतो आणि चाल मोकळी, गाण्यासारखी होते. गौरवगीत लिहिणारे इथे हमखास गोडगोड होतात: स्वप्ननगरी, लाटा, दिवे. माझं म्हणणं, इथे अण्णा भाऊ साठे आठवावेत. पठ्ठे बापूरावांनी मुंबईची लावणी केली, त्यात शहराचा थाट. अण्णा भाऊंनीही केली, आणि तिच्यात माडीखालचा माणूस आणला. गिरणीचा भोंगा, चाळीचा जिना, हुतात्मा चौकातलं रक्त, हे ट्रिओत खालच्या पितळी वाद्यांनी बोलावं. वर क्लॅरोनेटनं हवं तेवढं मिरवावं. नुसता थाट वाजवायचा असेल तर बिल्डरच्या जाहिरातीला जिंगल आहेच की.

म्हणूनच हे काम स्पर्धा जाहीर करून आणि समिती नेमून होणार नाही. कोळीवाड्यातला एक मास्तर आणि नोटेशन जाणणारा एक अरेंजर, दोघांना एका खोलीत बसवा. मेहनताना आधी द्या, लग्नसराई नसताना बसवा, म्हणजे मास्तरची बिदागी बुडणार नाही. तयार झालेली चीज कागदावरही उतरवा आणि वाजवून रेकॉर्डही करा, कारण लग्नाचे बँड कानानं शिकतात. नाहीतर ती एका फाइलीत जाईल आणि दर 1 मेला धूळ झटकून बाहेर येईल.

पहिल्यांदा कुठे वाजवायचा, याचंही उत्तर माझ्याकडे आहे. गेटवे ऑफ इंडियाचं उद्घाटन 4 डिसेंबर 1924 चं. 28 फेब्रुवारी 1948 ला ब्रिटिशांची शेवटची पलटण तिथूनच बोटीवर चढली. आणि 4 डिसेंबर हा नौदल दिनही, 1971 च्या कराचीवरच्या हल्ल्याची आठवण. नौदलाचा बँड एका बाजूला, कोळीवाड्याचा दुसऱ्या बाजूला. गणवेशाची इस्त्री कुणाची चांगली ते आधीच ठरलंय. ठेका कुणाचा चांगला, यावर मी कोळीवाड्यावर पैज लावतो. ट्रिओची चाल ट्रम्पेटला द्यायची की क्लॅरोनेटला, यावर मात्र बँडवाल्यांनी कमेंटमध्ये भांडावं. माझं मत क्लॅरोनेटला.