पोलिसांनी थांबवलं तर मित्र आहे म्हणून सांगा

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला ठाणे स्टेशनवर उतरलो. सॅटिसखाली, म्हणजे स्टेशनबाहेरच्या उंच पुलाखाली, शेअर रिक्षाची रांग पार वळसा घालून गेलेली. मीटरने विचारलं, तर तिघांनी मान न वळवताच नकार दिला. (भाडं नाकारणं हाही गुन्हाच बरं का!) शेवटी अ‍ॅपवरून बाइक मागवली. चार मिनिटांत एक पोरगा हजर. पेट्रोलची गाडी, पांढरी नंबर प्लेट, म्हणजे खासगी. माझ्या डोक्यात गरगर फिरणारं हेल्मेट देत म्हणाला, "काका, नाक्यावर पोलिसांनी थांबवलं तर मित्र आहे म्हणून सांगा."

या कंपन्यांचा सगळा धंदा मला त्या वाक्यात कळला. आधी रस्त्यावर उतरायचं, लोकांना सवय लावायची, परवान्याचं मागाहून बघू. उबर भारतात आली २०१३ मध्ये. अशा अ‍ॅप कंपन्यांसाठी 'अ‍ॅग्रिगेटर' हा शब्द मोटार वाहन कायद्यात आला २०१९ च्या दुरुस्तीने. मधली सहा वर्षं फुकटात मिळाली, आणि तेवढ्यात अर्धं शहर अ‍ॅपवर गेलं. मग बंदी घालायची कुणाची छाती होणार?

बाइक टॅक्सीचंही तेच. जानेवारी २०२३ मध्ये विनापरवाना सेवा म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने रॅपिडो या बाइक टॅक्सी कंपनीला राज्यातलं काम थांबवायला लावलं, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयातही त्यांना दिलासा मिळाला नाही. एवढं होऊनही जुलै २०२५ मध्ये आपल्या ठाण्याचेच परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी दुसऱ्याच नावाने बाइक बुक केली, आणि ती मंत्रालयापाशी आलीसुद्धा! त्याआधी एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने बाइक टॅक्सीला मंजुरी दिलेली होती, पण फक्त इलेक्ट्रिकला. म्हणजे दार उघडलंच, फक्त पेट्रोलवाला पोरगा बाहेर राहिला.

रिक्षावाल्यांचा राग मला पटतो. परमिट काढा, बॅज काढा, पासिंग करा, सीएनजीच्या रांगेत तास घालवा, आणि शेजारून कुणीतरी यातलं काहीच न करता भाडं उचलून नेणार. पण संघटनांनी मोर्चे काढण्याऐवजी स्टँडवरचा तो "नाय जमणार" बंद केला असता, तर मी तरी अ‍ॅप उघडलं नसतं. आता त्यांच्यातल्या निम्म्यांच्या हँडलला तेच अ‍ॅप उघडलेला मोबाइल अडकवलेला असतो, ते वेगळंच.

परवा तो पोरगा कासारवडवलीच्या टपरीवर दिसला, पायी. आरटीओने गाडी उचलली होती. दंड त्यानेच भरायचा, दिवस बुडाले तेही त्याचेच. कंपनीच्या हेल्पलाइनवर फोन केला तर मशीन बोलतं म्हणाला. न्यायालयात कंपनीसाठी मोठमोठे वकील उभे राहतात, याच्यासाठी कोणी नाही.

"मग आता?" मी विचारलं.

"भावाची गाडी आहे ना काका. त्याच्या नावाने आयडी टाकलाय."